उंचीचं नंतर पाहू

दिवाळीत बाण पेटवण्याआधी त्याची काडी धड आहे ना, हे घरातलं जाणतं माणूस एकदा तरी बघतं. काडी मोडकी असेल तर बाण आकाशात जाण्याऐवजी समोरच्या बिल्डिंगच्या गॅलरीत शिरतो, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण काडी नेमकं करते काय, असं विचारलं तर बहुतेक जण सांगतात की ती वजन टाकते, तोल सांभाळते. हे उत्तर अर्धंच बरोबर आहे. घरी रॉकेट बनवणाऱ्यांची पहिली रॉकेटं आपटतात ती उरलेलं अर्धं माहीत नसल्यामुळे.

हवेत सुटलेली वस्तू वळते ती आपल्या गुरुत्वमध्याभोवती. हवा तिला बाजूने रेटत असते. हा सगळा रेटा एकाच बिंदूवर पडतो असं धरलं, तर तो बिंदू म्हणजे दाबमध्य. दाबमध्य गुरुत्वमध्याच्या मागे असेल, तर रॉकेटचं नाक जरा कललं की हवा शेपटीला रेटून ते पुन्हा सरळ करते. तो पुढे असेल, तर तीच हवा कललेलं नाक आणखी कलवते आणि रॉकेट कोलांट्या खातं. बाणाची लांब काडी दाबमध्याला मागे नेते. तिच्या वजनाने गुरुत्वमध्यही मागे सरकतो, पण दाबमध्य त्याहून जास्त सरकतो, आणि बाण सरळ जातो. काडीऐवजी पंख लावले की हेच काम कमी वजनात होतं.

ज्याला आधुनिक रॉकेटविद्येचा जनक म्हणतात, त्या रॉबर्ट गोडार्डनेही सुरुवात ‘तोल सांभाळण्या’पासूनच केली होती. 16 मार्च 1926 रोजी अमेरिकेतल्या ऑबर्न गावी त्याने द्रव इंधनाचं पहिलं रॉकेट उडवलं. त्यात इंजिन वर होतं आणि इंधनाच्या टाक्या खाली. वरून ओढलं की खालचा भाग लोंबकळत सरळ राहील, असा हिशेब. रॉकेट अडीच सेकंद उडालं, साधारण 12 मीटर वर गेलं आणि 56 मीटर दूर जाऊन पडलं. हिशेबातली गफलत अशी की इंजिन रॉकेटलाच घट्ट बांधलेलं असतं. रॉकेट कललं की इंजिनही कलतं आणि जोर त्याच कललेल्या दिशेने लागतो, मग ते वर असो वा खाली. गोडार्डने पुढच्या रॉकेटांत इंजिन खाली नेलं.

एवढं वाचून कुणाच्या मनात नळीत दारू ठासायचा विचार येत असेल, तर त्याने इथेच थांबावं. घरी दारू तयार करणं किंवा फटाक्यांतली काढून वापरणं हा 1884 चा स्फोटक कायदा आणि 2008 चे स्फोटक नियम यांच्याखाली गुन्हा आहे. स्फोटकांचे परवाने देणाऱ्या ‘पेसो’ या केंद्रीय संस्थेचं मुख्यालय आपल्याच नागपुरात आहे. कायदा बाजूला ठेवला तरी बोटं आपलीच असतात. 1957 साली रशियाचा स्पुटनिक उडाला आणि अमेरिकेतली शाळकरी पोरं गॅरेजमध्ये रॉकेटं बनवू लागली, तेव्हा हात-डोळे गमावण्याच्या घटनांनी तिथले लोक हादरले. त्यातून मार्ग निघाला तो असा की मुलाने रॉकेट बनवावं, इंजिन मात्र कारखान्यातलं घ्यावं. नेब्रास्कातला बुटांचा दुकानदार ऑर्व्हिल कार्लाइल याने 1954 मध्ये असं इंजिन करून दाखवलं होतं. 1958 मध्ये व्हर्न एस्टिसने ती धडाधड बनवणारं यंत्र उभं केलं आणि मॉडेल रॉकेटचा छंद मार्गी लागला. आपल्याकडे तशी इंजिनं सहज मिळत नाहीत.

म्हणून घरचं रॉकेट पाण्याचं. याला कमी लेखू नका. मॉडेल रॉकेटच्या इंजिनांना त्यांच्या एकूण धक्क्यावरून अक्षरं देतात. ‘ए’ म्हणजे जास्तीत जास्त अडीच न्यूटन-सेकंद, आणि पुढच्या प्रत्येक अक्षराला दुप्पट. 2 लिटरच्या कोल्ड्रिंकच्या बाटलीत 600 मिली पाणी आणि 4 बार दाबाची हवा भरली तर 14-15 न्यूटन-सेकंदांचा धक्का मिळतो, म्हणजे ती थेट ‘डी’ वर्गात जाऊन बसते. त्यात ना आग, ना धूर, ना परवाना. तिरुअनंतपुरमचं विक्रम साराभाई अंतराळ केंद्रसुद्धा 4 ते 10 ऑक्टोबरच्या जागतिक अंतराळ सप्ताहात मुलांसाठी पाण्याच्या रॉकेटांच्या स्पर्धा घेतं. खऱ्या रॉकेटवाल्यांनाच ज्याचं वावडं नाही, त्याला आपण खेळणं का म्हणावं?

आमच्या नाशिकला या उद्योगाचं सामान शोधत हिंडावं लागत नाही. अर्ध्या इंचाचा पीव्हीसी पाइप कोल्ड्रिंकच्या बाटलीच्या तोंडात जवळपास नेमका बसतो. कॉक, जोड, रबरी वायसर पिंपळगाव बसवंत किंवा दिंडोरीच्या कुठल्याही ठिबकच्या दुकानात मिळतात. द्राक्षवाल्यांचा जिल्हा असल्याचा हा एक फायदा. सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह पाइपच्या टोकाला बसवायचा. बाटलीच्या गळ्याची कड धरून ठेवायला प्लास्टिकच्या केबल-टायचं कडं करायचं आणि त्यावर पाइपाची सरकती बांगडी चढवायची. दोरी ओढली की बांगडी खाली येते, टाय फाकतात आणि बाटली सुटते. कुणाला पितळेचा देखणा सांधा हवाच असेल तर सातपूर-अंबडला लेथवर करून मिळेल, पण पहिल्या वर्षी त्याची गरज नाही.

बाटली मात्र कोल्ड्रिंकचीच हवी. साध्या पाण्याच्या बाटलीचं प्लास्टिक पातळ असतं. कोल्ड्रिंकच्या बाटलीला आतल्या गॅसचा दाब सोसायचाच असतो, त्यामुळे 4 बार, म्हणजे पंपाच्या काट्यावर 60 पीएसआय, हा तिच्या नेहमीच्या आयुष्यातलाच दाब झाला. नवी बाटली साधारण 10 बारच्या पुढे फुटते. आपण 60 वर थांबायचं. पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर किंवा फवारणीचा पंप जोडायचा मोह होतो, कारण हाताने हवा भरून दंड भरून येतात. पण तिथे काटा 60 वरून 120 वर कधी गेला ते कळतही नाही.

पहिली चाचणी उडवण्याची नसतेच. बाटली काठोकाठ पाण्याने भरायची, मग पंपाने 80 पर्यंत दाब द्यायचा आणि लांबून पाहत राहायचं. पाणी जवळजवळ दबत नाही, त्यामुळे त्यात ऊर्जा साठत नाही. बाटली फाटली तरी पाणी सांडतं, तुकडे उडत नाहीत. याच कारणाने मोठ्या टाक्या आणि सिलिंडर पाण्याने भरून दाबाला तपासतात. इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरच्या कारखान्यात इस्रोच्या ‘एस-200’ या प्रचंड मोटरची पोलादी कवचं बनतात. त्यांनाही इंधन दिसण्याआधी दाबाची परीक्षा द्यावी लागते. इंधन भरल्यानंतरही मोटर लगेच उडवली नाही. 24 जानेवारी 2010 रोजी श्रीहरिकोट्याला ती जमिनीवर जखडून पेटवली, आणि शेकडो ठिकाणची मापं घेतली. उड्डाणाची पाळी त्यानंतर बऱ्याच वर्षांनी आली.

आता सुटण्याचा क्षण. फस्स आवाज येतो, आणि डोळ्यांना फक्त पाण्याचा फवारा आणि रिकामा पाइप दिसतो. मोबाइलवर सेकंदाला 240 फ्रेमचं स्लो-मोशन लावून हा क्षण टिपला की गंमत कळते. पाणी तोंडातून सेकंदाला जवळपास 28 मीटर वेगाने सुटतं. सुरुवातीचा जोर 30 किलो वजन उचलण्याइतका असतो, आणि भरलेलं रॉकेट असतं पाऊण किलोचं. 600 मिली पाणी पंधरा-सोळा फ्रेममध्ये संपतं. तोवर रॉकेट जेमतेम मीटरभर वर सरकलेलं असतं. त्यानंतरच्या आणखी काही फ्रेममध्ये उरलेली हवा पांढऱ्या धुक्यासारखी बाहेर पडते, कारण एकदम प्रसरण पावल्यामुळे ती थंड होते आणि बाष्पाचे बारीक थेंब दिसू लागतात. इथे इंजिन संपलं. पुढचे पन्नास-साठ मीटर रॉकेट निव्वळ मिळालेल्या वेगावर चढतं.

हे एकदा नीट पाहिलं की रॉकेटकडे बघायची नजर बदलते. सगळा खेळ मीटरभरात उरकत असेल, तर उंची ठरते ती पुढच्या प्रवासात हवा किती अडवते आणि रॉकेट किती सरळ राहतं यावर. ‘हलकं तितकं उंच’ हा समजही इथेच मोडतो. अगदी हलकी बाटली सुटते झपाट्याने, पण जोरात फेकलेल्या थर्माकोलच्या गोळ्यासारखी लगेच मंदावते. नाकात थोडं वजन घातलं की ती हवा कापत पुढे जाते, शिवाय गुरुत्वमध्य पुढे सरकतो तो वेगळाच. मर्यादेपलीकडे वजन वाढवलं की उंची पुन्हा घटते. ही मर्यादा प्रत्येक रॉकेटची निराळी, आणि ती उडवूनच सापडते. नाकात खडा, नट-बोल्ट असलं काही घालू नका, खाली कोण उभं असेल सांगता येत नाही. मळलेल्या मातीसारखं प्लास्टिसिन घालून त्यावर स्पंजच्या चेंडूची अर्धी वाटी बसवावी.

उडण्याआधी सरळपणाची परीक्षा घरच्या गच्चीवर होते. रिकामं रॉकेट बोटावर तोलून गुरुत्वमध्य शोधायचा. मग पुठ्ठ्यावर रॉकेटची बाह्याकृती काढून, कापून, तीही तोलायची. पुठ्ठा जिथे तोलला जातो तिथे दाबमध्य आहे असं सुरुवातीला धरावं. नासातल्या जेम्स बॅरोमनने 1960 च्या दशकात यासाठी नेमकी समीकरणं मांडली आणि ती आजही वापरतात, पण पुठ्ठ्याचं उत्तर सावधगिरीच्या बाजूला झुकतं, म्हणून आपल्याला ते चालतं. गुरुत्वमध्य दाबमध्याच्या पुढे निदान एका व्यासाइतका, म्हणजे 2 लिटरच्या बाटलीला सुमारे 11 सेंटिमीटर हवा. शेवटी गुरुत्वमध्यापाशी दोरी बांधून रॉकेट डोक्याभोवती गरगर फिरवायचं. नाक पुढे करून फिरलं तर पास. आडवं किंवा शेपटी पुढे करून फिरलं तर नाकात वजन वाढवा, नाहीतर पंख मागे न्या.

हा सगळा हिशेब रिकाम्या रॉकेटचा झाला. भरलेल्या बाटलीत पाणी गळ्याशी असतं, गुरुत्वमध्य मागे असतो, म्हणजे सुटतानाचं रॉकेट सर्वांत बेभरवशाचं. तेवढा क्षण त्याला पाइपाने धरून ठेवायचं असतं. पाइप बाटलीच्या आत वीतभर शिरलेला असेल तर सुटताना ती त्यावरून सरकत जाते आणि दिशा चुकत नाही. तोटी जेमतेम तोंडात असेल तर तीच बाटली भलतीकडे जाते.

आता पंख. घरच्या रॉकेटांत सर्वांत जास्त घोळ इथे होतो. पंख ग्लू-गनने थेट बाटलीवर चिकटवतात. 70 अंशांच्या आसपास हे प्लास्टिक मऊ पडतं, म्हणजे गरम गोंदाने बाटलीचीच ताकद जाते. तिथे ती केव्हातरी फुटणार. दुसरी गोष्ट, हवा भरली की बाटली किंचित फुगते. कडक चिकटलेला पंख त्या फुगण्याने उकलतो आणि हवेत गळून पडतो. यावरची युक्ती साधी आहे. दुसऱ्या बाटलीचा मधला सरळ भाग कापून त्याची बाही करायची, तिला उभी चीर द्यायची, पंख तिच्यावर बसवायचे आणि बाही रॉकेटवर चढवून सायकलच्या ट्यूबच्या रबरी चकत्यांनी आवळायची. बाटली फुगली तर चकत्या ताणतात. पंखांना निवडणुकीच्या बोर्डांचं सनपॅक उत्तम, त्याच्या आतल्या नळ्या उभ्या राहतील असं कापावं. निवडणूक झाली की ते गल्लोगल्ली फुकट लोंबत असतं.

बाहीचा खरा फायदा पुढे कळतो. तीन पंखांची एक बाही, चार पंखांची दुसरी, मोठ्या पंखांची तिसरी, अशा करून ठेवल्या की बाटली, नाक, पाणी सगळं तेच ठेवून फक्त पंख बदलता येतात. मोठे पंख नेहमी चांगले असं वाटतं, पण फार मोठे पंख असलेलं रॉकेट वारा लागला की वाऱ्याकडे तोंड वळवतं आणि तिरपं निघून जातं. नाशिकला जून ते ऑगस्ट पश्चिमेचा वारा असा असतो की तेव्हा पंखांबद्दल काही ठरवायच्या भानगडीत पडू नये. डिसेंबर-जानेवारीतली सकाळ बरी, निफाडकडची कडाक्याची थंडी सोसवत असेल तर फारच बरी. जागा म्हणाल तर ओझर, देवळाली, गांधीनगर या विमानांच्या आणि लष्करी भागांपासून लांब, वस्ती आणि विजेच्या तारा नसलेलं, कांदा काढून मोकळं झालेलं रान. द्राक्षबागेच्या शेजारी नको. मांडवावर पडलेलं रॉकेट काढताना मालक काय बोलतो, ते छापण्याजोगं नसतं.

मग उत्साहाच्या भरात एकाच सकाळी सगळंच बदललं जातं. नवे पंख, जास्त पाणी, नवं नाक, दाबही थोडा वाढवलेला, आणि रॉकेट आधीपेक्षा उंच गेलं. कशामुळे? कुणालाच सांगता येत नाही. म्हणून एका वेळी एकच बदल. त्याहून फसवी गोष्ट म्हणजे काहीही न बदलता रॉकेट दरवेळी वेगळ्या उंचीवर जातं. समजा, तेच पाणी, तोच दाब, तेच पंख ठेवून पाच वेळा उडवलं आणि 44, 52, 47, 50, 45 मीटर अशी उंची आली. आता पंख बदलल्यावर 51 आली, तर नवे पंख चांगले म्हणायचे का? मुळीच नाही. 51 जुन्या पंखांच्याच पट्ट्यात बसते. आपल्या रॉकेटचा हा आपोआप होणारा फरक किती, हे आधी मोजलं नसेल तर पुढची कुठलीही सुधारणा म्हणजे स्वतःचीच समजूत. माझं मत विचाराल तर घरच्या रॉकेटचं पहिलं ध्येय उंची नसावंच. तेच रॉकेट पाच वेळा जवळपास तितकंच जावं, हे असावं. हा फरक कमी करायच्या मागे लागलं की पंपाचा काटा नीट वाचणं, पाणी मापाने भरणं, वायसर बदलणं, पाइप ओळंब्यात उभा करणं ही कामं आपोआप शिस्तीत येतात, आणि उंची त्यांच्याच मागून येते.

पाण्याचं प्रमाण हे याचं चांगलं उदाहरण. बाटलीच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याला रॉकेट सर्वांत उंच जातं, पण या शिखराचा माथा सपाट आहे. 500 मिली आणि 650 मिली यांत पडणारा फरक वर सांगितलेल्या फरकात हरवून जातो. तिथे सकाळ घालवण्यापेक्षा ती पंखांवर घालवावी.

उंची मोजायला कोनमापक, त्याला मधोमध लोंबणारा दोरा आणि बघायला स्ट्रॉची नळी पुरते. सुटण्याच्या जागेपासून 50 मीटरवर उभं राहायचं आणि रॉकेट माथ्यावर असताना कोन धरायचा. 45 अंश आला तर उंची 50 मीटर, अधिक आपल्या डोळ्यांची उंची. इथे एका अंशाची चूक म्हणजे जवळपास पावणेदोन मीटरची चूक. म्हणून कुणी 52.37 मीटर अशी उंची सांगितली तर त्याचा दशांशानंतरचा भाग नम्रपणे खोडून टाकावा. रॉकेट मापणाऱ्याच्या दिशेने किंवा उलट वाहवलं तर चूक आणखी वाढते, त्यासाठी दोघांनी समोरासमोरून मोजावं. हौस असेल तर हवेचा दाब मोजणारी नखाएवढी चिप नाकात बसवता येते. नाशिकच्या उंचीवर दर 9 मीटरला हवेचा दाब सुमारे एक मिलिबार उतरतो, आणि ही चिप त्याचाही बारीकसा अंश ओळखते. नाकाला छिद्र मात्र बाजूला हवं. अगदी टोकाला पाडलं तर वेगाची हवा आत शिरून खोटा दाब दाखवते.

पॅराशूटबद्दल एवढंच की कचऱ्याच्या पिशवीचं 60 सेंटिमीटर व्यासाचं गोल पॅराशूट दीडशे ग्रॅमचं रिकामं रॉकेट सेकंदाला साडेतीन मीटरच्या आसपास खाली आणतं. त्याच्या दोऱ्यांना येवल्याच्या पतंगवाल्यांच्या आसारीवरचा साधा सुती दोरा घ्या. नायलॉन मांजावर बंदी आहे, आणि ती असायलाच हवी.

एका वेळी एक बदल हा नियम पोराटोरांपुरता नाही. 10 ऑगस्ट 1979 रोजी भारताचं पहिलं उपग्रहवाहक ‘एसएलव्ही-3’ उडालं आणि दुसऱ्या टप्प्याचं नियंत्रण सुटून बंगालच्या उपसागरात पडलं. चौकशीत दोष एका झडपेपाशी येऊन थांबला. ती अडकून उघडी राहिली होती आणि नियंत्रणासाठीचं द्रव्य गळून गेलं होतं. तेव्हा कुणी सगळं रॉकेट नव्याने मांडायला घेतलं नाही, दोष होता तिथे दुरुस्ती झाली. 18 जुलै 1980 रोजी त्याच बनावटीच्या रॉकेटाने रोहिणी उपग्रह कक्षेत सोडला. विक्रम साराभाई केंद्राचे संचालक तेव्हा आपले वसंत गोवारीकर होते. त्यांची आधीची वर्षं रॉकेटचं घन इंधन देशातच बनवण्यात गेली होती, आणि त्या कामात फार मोठा भाग पुन्हा पुन्हा तपासण्याचाच असतो.

मोठेपणी खऱ्या इंजिनाची रॉकेटं करायची असतील तर आता त्यालाही सरळ वाट आहे. 2025 साली ‘इन-स्पेस’ या केंद्रीय संस्थेने उत्तर प्रदेशातल्या कुशीनगर जिल्ह्यात कॉलेजच्या विद्यार्थ्यांसाठी मॉडेल रॉकेटांची राष्ट्रीय स्पर्धा घेतली. तोवर पालकांना एक विनंती. वाढदिवसाला चकचकीत तयार किट आणू नका. डोळ्यांना बसणारा गॉगल, जाड पुठ्ठ्याची वही आणि उभा सायकल-पंप आणून द्या, आणि पंप घेताना त्याला दाबाचा काटा आहे ना, तेवढं दुकानातच बघून घ्या.